एकाआड तापाचा तक्ता

आमच्या हेडक्लार्कांना मी माफ केलेले नाही. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे आणि त्यांच्या शोकसभेत मी तो पाळलाही. त्यांचे अक्षर सुरेख होते, असे मी दोनदा सांगितले. तिसरे सांगण्यासारखे काही आठवेना, म्हणून खाली बसलो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते आणि आमच्या कामाचे हुकूम नागपूरहून येत. जमिनीचे जुने कागद वाळवीने खाऊन टाकण्याच्या आत त्यांच्या स्वच्छ नकला करायच्या, एवढेच ते काम. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्याही पलीकडे, एका गावात सरकीचे रिकामे कोठार घेऊन तात्पुरती कचेरी उघडली होती. आम्ही सहा नकलनवीस, सगळे विशीच्या आतबाहेरचे. शिवाय एक पट्टेवाला आणि हेडक्लार्क. काम संपले की सहापैकी चौघांना जिल्ह्याच्या ठिकाणी कायम करणार, असे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगण्यात आले होते. त्यामुळे आम्ही सहाही जण एकमेकांशी फार प्रेमाने वागत असू आणि कोणते दोघे गळतील याचा मनातल्या मनात हिशेब करत असू.

माझ्या हिशेबात मी आणि माझा सोबती नक्की चौघांत होतो. सोबती म्हणजे वरवट बकालचा एका कास्तकाराचा मुलगा. आम्ही एकाच खोलीत राहत असू आणि पाळीपाळीने भाकरी भाजत असू. त्याच्या भाकरी गोल होत, माझ्या सातपुड्यासारख्या. मी मलकापूरचा, कारकुनाचा मुलगा. नोकरी आमच्या घरात पडशासारखी होती, एकाला झाली की सगळ्यांना होणार. त्याचे तसे नव्हते. त्याच्या घरात सरकारी कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा तो पहिला माणूस. कायम झाल्यावर आपल्याच गावचे कागद आपल्या हाताने लिहायचे, हे त्याचे स्वप्न होते. ते त्याने मला एकदाच सांगितले, आणि सांगून झाल्यावर लाजला.

हेडक्लार्क घाटावरचे, लोणारच्या बाजूचे. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख जातीने होते आणि दुसरी घाटाने. घाटावर हवा कोरडी आणि पाणी चांगले. घाटाखाली कापूस पिकतो आणि ताप पिकतो. पायथ्याच्या गावांत तर भादव्यापासून दिवाळीपर्यंत घरटी एक माणूस गोधडीखाली असे. हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होते. हेडक्लार्कांना नव्हते, आणि ते कोणाला विचारणाऱ्यांपैकी नव्हते.

त्यांचे राहते घर कचेरीपासून चाळीस पावलांवर होते. मी मोजली आहेत. ती चाळीस पावले ते पट्टेवाल्याच्या हातातल्या छत्रीखालून चालत येत, ऊन असो वा नसो. कचेरी तात्पुरती, कोठार दुसऱ्याचे, पण दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती आणि ती रोज चिंचेने घासली जाई. टेबलावर घंटी होती. पट्टेवाला हाताच्या अंतरावर उभा असे, तरीही ते त्याला घंटी वाजवून बोलावत.

या गृहस्थांनी कुठेतरी वाचले होते की आकडे खोटे बोलत नाहीत. तेव्हापासून त्यांनी माणसांवर विश्वास ठेवण्याचे सोडले. हजेरीबुकावरून त्यांनी एक मोठा तक्ता तयार केला. डावीकडे आम्हा सहाजणांची नावे, वर तारखा, आणि ज्या दिवशी जो आजारी त्याचे घर लाल शाईने भरलेले. तो तक्ता त्यांनी कोठाराच्या भिंतीवर, मारुतीच्या तसबिरीशेजारी चिकटवला. आल्यागेल्या पाटील-पटवाऱ्यांना ते छडीने तो दाखवत. तरुण नोकरांत आजारपण हा नवा धंदा निघाला आहे, तो मी शास्त्राने उघडा पाडणार आहे, असे सांगत.

खोटे आजारपण आम्ही कधी घेतलेच नाही असे मी म्हणणार नाही. शंकरपटाच्या दिवसांत आमच्यापैकी चौघांची पोटे एकाच सकाळी दुखली होती. पण त्या पटावर हेडक्लार्क स्वतःच पाहुणे म्हणून मंडपात बसले होते. शर्यतीच्या बैलजोड्या सुटत असताना चारही पोटदुख्यांनी पुढे होऊन त्यांना वाकून नमस्कार केला. चारचौघांत नमस्कार मिळाल्यावर ते इतके प्रसन्न झाले की आम्ही तिथे काय करतो आहोत हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. खोटे आजारपण त्यांच्या डोळ्यांदेखत सुटले. पकडले ते खरे.

त्या वर्षी भादव्यात मला आणि माझ्या सोबत्याला ताप लागला. तो एक दिवसाआड येणारा, ज्याला तिकडे एकांतरा म्हणत. आज सकाळी अकराच्या सुमाराला हुडहुडी भरते, दात वाजतात, चार गोधड्या पुरत नाहीत. मग अंग पेटते, संध्याकाळी घाम सुटतो आणि माणूस झोपतो. दुसऱ्या दिवशी उठतो तो ठणठणीत. भाकर खातो, गाणे म्हणतो, बाजारात जातो. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा गोधडी. टपालकचेरीत मिळणाऱ्या क्विनीनच्या पुड्या आम्ही आणत होतो, पण कान वाजू लागले की अर्ध्यावर सोडत होतो. ती आमची चूक, मी ती मान्य करतो.

मला ताप सोमवारी सुरू झाला, त्याला मंगळवारी. म्हणजे मी निजलो की तो कचेरीत, तो निजला की मी कचेरीत. आम्हाला ही सोय वाटली. भाकरी करायला रोज कोणीतरी उभे असे. तक्त्यावर मात्र आमच्या दोन ओळी बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसू लागल्या. इथे लाल, खाली पांढरे. इथे पांढरे, खाली लाल. तीन आठवडे हा पट वाढत गेला आणि हेडक्लार्कांचा चेहरा उजळत गेला. त्यांना हवे होते ते सापडले होते.

एक दिवस सगळ्यांना भिंतीपुढे उभे करून त्यांनी छडी त्या दोन ओळींवर टेकवली. दोन माणसांत मिळून एक ताप, जशी दोघांत एक छत्री, असे म्हणून ते हसले. बाकीचे चौघेही हसले. चारच जागा होत्या, त्यांनी का हसू नये.

मग नियम निघाला. आजारी माणसाने आजारी असतानाच सरकारी डॉक्टरापुढे उभे राहून दाखला आणावा. न आणल्यास आजार खोटा धरला जाईल. दवाखाना तालुक्याच्या गावी, नऊ कोसांवर.

माझा ताप नेमका तेव्हाच उतरला होता. पाळी आली ती माझ्या सोबत्याची. ताप भरल्याची चिठ्ठी आधी कचेरीतून घ्यायची होती, म्हणून तो दात वाजवत कचेरीत आला. हेडक्लार्कांनी घड्याळ पाहून चिठ्ठीवर वेळ टाकली. मी त्याला बैलगाडीत घातले, वर दोन गोधड्या टाकल्या. गाडी रस्त्याला लागली तेव्हा बारा वाजून गेले होते. नऊ कोस बैल किती वेळात जातात ते सांगायला शास्त्र लागत नाही. तो पोचेपर्यंत दवाखाना बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, काचेची नळी काखेत धरली. तो त्याचा चांगला दिवस होता. डॉक्टर सज्जन होते. दिसले ते त्यांनी लिहिले: ताप नाही, प्रकृती उत्तम, कामास योग्य.

सहा दिवसांनी, ताप भरताच, त्याला पुन्हा पाठवले. पुन्हा चांगल्या दिवशी पोचला, पुन्हा उत्तम. आजारी निघायचे आणि बरे पोचायचे, यापलीकडे त्या रस्त्याचा दुसरा उपयोग नव्हता. सरकारने दोनदा लेखी कळवले होते की हा माणूस खोटारडा आहे.

हेडक्लार्कांनी आम्हा दोघांना बोलावले. कबुलीचा मजकूर त्यांनी आधीच तयार ठेवला होता. आम्ही दोघांनी ठरवून, पाळीपाळीने, खोटे आजारपण घेतले, क्षमा असावी. खाली दोघांची नावे आणि सहीला जागा. सही केली तर समज देऊन सोडू, नाहीतर वर लिहू, असे त्यांनी सांगितले.

माझ्या सोबत्याने कागद वाचला. जुन्या कागदांवरचे अक्षर लावण्याची त्याला सवय होती, म्हणून तो एकेक ओळ बोट लावून वाचत असे. वाचून त्याने कागद परत टेबलावर ठेवला.

“मी आजारी होतो तं होतो साहेब,” तो म्हणाला. “नव्हतो असं काऊन लिहून देऊ?”

मी सही केली.

का केली, याची कारणे मला त्या वेळी सात-आठ सुचली होती. आता एकही नीट आठवत नाही. घरी वडील होते, हे एक असावे. तो नाहीतरी जाणारच, मग दोघे कशाला, हेही एक होते. पण कागदावर त्याचेही नाव होते, आणि खाली माझी सही. त्या कागदाच्या जोरावरच हेडक्लार्कांनी वर लिहिले. बरोबर तक्त्याची नक्कल आणि तरुण नोकरांच्या आजारपणाच्या प्रवृत्तीवर चौदा पानांचा अहवाल जोडला. तो अहवाल सुवाच्य करून लिहायला त्यांनी मलाच दिला. मी तो तीन प्रतींत लिहिला, एक कानामात्रा इकडचा तिकडे न करता. नागपूरहून साहेबाची सही होऊन आली. सोबती कामावरून कमी झाला. ट्रंक गाडीत ठेवताना मी हात लावायला गेलो, तर तो म्हणाला, “राहू दे, वजन नाही त्यात.”

त्यानंतर माझी भरभराट झाली. कबुली दिलेल्या माणसासारखा विश्वासू दुसरा नाही, असे हेडक्लार्कांचे मत होते. त्यांनी हजेरीबुक आणि तक्ता माझ्या ताब्यात दिला. लाल शाईची दौतही दिली.

मी वर्षभर वाट पाहिली. कशाची ते मला माहीत नव्हते. रोज सकाळी लाल शाईत टाक बुडवताना एवढेच मनात येई की हा माणूस याच गावात राहतो, याच विहिरीचे पाणी पितो, आणि मच्छरदाणी वापरत नाही. मच्छरदाणी बायकांनी वापरायची, असे ते म्हणत. मी त्यांना कधी विरोध केला नाही.

पुढल्या आश्विनात ते एका सकाळी अकरा वाजता घंटी वाजवायला गेले आणि घंटी आपोआप वाजू लागली. हात थरथरत होता. मी उठून त्यांना आदराने घरी पोचवले. पट्टेवाल्याने छत्री धरली होती, तीही हलत होती, कारण ते तिच्या दांड्याला धरून चालत होते. परत येऊन मी त्यांचे घर लाल केले.

तक्त्यावर तोवर हेडक्लार्कांची ओळच नव्हती. ती मी सर्वांच्या वर, सन्मानाने आखली. दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत येऊन बसले आणि ती ओळ पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हणालो, साहेब, शास्त्रात कोणाला वगळले तर आकडे खोटे बोलू लागतात. तिसऱ्या दिवशी अकराला पुन्हा हुडहुडी. लाल, पांढरे, लाल, पांढरे. मी इतक्या काळजीने कधी काही रंगवले नव्हते.

चौथ्या लाल घरानंतर त्यांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितले की त्या दिवशी ते दौऱ्यावर होते असे लिहावे. मी तितक्याच हळू आवाजात विचारले की दौऱ्याचा कागद कुठला जोडू. आणि आजारी असाल तर दाखला लागेल, नियम साहेबांचाच आहे, वर गेलेला आहे, आता तो मोडला तर वरचे काय म्हणतील. त्यांना काहीतरी कळले असावे, पण नियम आपला आहे याचा अभिमान त्याहून मोठा होता.

गाडी मीच ठरवली. गावात एक हलकी दमणी होती आणि तिचे बैल पळणारे होते. मी शेण वाहणारी गाडी ठरवली. चिठ्ठीवर वेळ टाकली, बारा वाजून दहा मिनिटे. गोधड्या मात्र नीट पांघरल्या. दुसऱ्या संध्याकाळी ते दाखला घेऊन परतले. त्याच डॉक्टरांनी त्याच सज्जनपणे लिहिले होते: ताप नाही, प्रकृती उत्तम, कामास योग्य. तो दाखला मी तक्त्याखाली चिकटवला. गाडीत खूप दणके बसले असे ते म्हणाले, तेव्हा मला जे वाटले त्याला आनंद हाच शब्द आहे. मी दुसरा शोधून पाहिला आहे.

याच सुमारास नागपूरच्या साहेबाच्या पाहणीचे पत्र आले. साहेबाच्या कारकुनाने विचारले होते की मंगळवार सोयीचा की बुधवार. हेडक्लार्क त्या दिवशी गोधडीखाली होते, उत्तर मलाच पाठवायचे होते. मी तक्त्यापुढे उभा राहून बोटाने घरे मोजली. मंगळवार पांढरा होता. मी बुधवार लिहिला.

बुधवारी सकाळी दहाला दारात आंब्याच्या पानांचे तोरण होते, पितळी पाटी दोनदा घासली होती, हेडक्लार्कांनी जरीकाठी फेटा बांधला होता. साहेब गोरा होता, उंच, आणि कंटाळलेला. हेडक्लार्क छडी घेऊन अहवाल समजावू लागले. अकराला पाच मिनिटे असताना छडी हलू लागली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. मग फेटा हलू लागला. ते बोलतच होते, पण दात वाजत असल्यामुळे तरुण नोकरांच्या प्रवृत्तीचे शब्द तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत होते.

साहेबाने त्यांना खुर्चीवर बसवायला सांगितले आणि तक्त्याकडे वळला. मी तिथे गेल्या वर्षीची माझ्या सोबत्याची ओळ कापून हेडक्लार्कांच्या ओळीखाली लावून ठेवली होती. तारखा वेगळ्या, घरे तीच. त्याने वरून खाली पाहिले, खालून वर पाहिले, खालचा दाखला वाचला, आणि थरथरणाऱ्या माणसाकडे पाहिले. त्याला ताप ओळखता येत होता. या प्रांतात नोकरी केलेल्या प्रत्येक गोऱ्याला येत असे.

“खालचा माणूस कुठे आहे?” त्याने मोडक्या मराठीत विचारले.

कमी केला, मी सांगितले. कोणाच्या सहीने, ते त्यानेच फाइलीत पाहिले आणि फाइल मिटली. साहेब न्यायी होता असे पुढे लोक म्हणत. मला तसे वाटत नाही. आपली सही एका मूर्ख कागदावर आहे हे कळलेला माणूस जेवढा न्यायी होतो, तेवढाच तो होता. हुकूम आठ दिवसांत आला. कारकुनी चुकीमुळे कमी झालेल्या नकलनवीसास पूर्ववत घेण्यात यावे, आणि कायम करताना त्याची जागा राखावी. हेडक्लार्कांना हवापालटासाठी घाटावर पाठवण्यात आले. जाताना पट्टेवाला छत्री घेऊन निघाला, तर मी त्याला हाक मारून परत बसवले. पट्टेवाला कचेरीचा होता.

हुकूम टपालाने गेला असता. पण मला तो स्वतः न्यायचा होता. वरवट बकालला पोचलो तेव्हा माझा सोबती शेतात कापूस वेचत होता, कमरेला कापसाच्या झोळीचा ओटा बांधून. अंगाने भरला होता, ताप गेला होता. मी कागद दिला आणि उभ्याउभ्याच सगळी हकीकत सांगितली. तक्ता, शेणाची गाडी, बुधवार. चांगली रंगवून सांगितली. वाटेभर मी ती मनात घोळवली होती आणि ऐकणारा तो एकटाच डोळ्यांपुढे होता.

तो बोट लावून हुकूम वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. दोन बोंडे वेचली.

“सोमवारी येतो मी,” तो म्हणाला.

मी म्हणालो, खोली अजून तीच आहे, भाकरी अजून मला जमत नाहीत.

“मी दुसरी खोली पाहीन.”

मी विचारले, अजून राग आहे का. ज्याने केले त्याची मी काय गत केली ते आत्ताच तर सांगितले.

“त्याले काय माहीत होतं?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “तो घाटावरचा. त्यानं कधी ताप पाह्यला नव्हता. तू तं माह्या बाजूच्या खाटेवर होता. तुले माहीत होतं, अन् तू सही केली.”

तो पुन्हा वेचायला लागला आणि मी परत निघालो.

सोमवारी तो आला. आम्ही दोघेही कायम झालो आणि पुढे कितीतरी वर्षे एकाच कचेरीत, एकाच भिंतीला टेकून बसलो. तो माझ्याशी कामापुरते बोलत असे, तेही दप्तराचा क्रमांक सांगण्यापुरते. कधी पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला, तर, हजेरीबुक तिथेही माझ्याच ताब्यात असूनही, रजेचा अर्ज माझ्या हातात न देता पट्टेवाल्याकडून पाठवी. त्यात एकच ओळ असे. मी ती न वाचता मंजुरीची खूण करी आणि पट्टेवाल्याकडे देई. दोन हातांवर बसलेला माझा सोबती तो अर्ज परत घेई, खूण तपासून पाही आणि घरी जाई.